शेरा : नारळ

रावसाहेब वही घेऊन घराबाहेर पडले, की मृणालिनीचं कामात लक्ष लागायचं नाही. ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात बसल्या बसल्या तिला दिसायचं, वडील कुठल्यातरी ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेत, चष्मा कपाळावर, नाक चाकाच्या मधोमध. आणि वर केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला, खाली पंचाहत्तर वर्षांचा एक पुणेकर आहे याचा पत्ताच नाही. तो किल्ली फिरवतोय. चित्र इथवर आलं की ती उठून पाणी प्यायची. दिवसातून सात-आठ वेळा प्यायची. शेजारच्या टेबलावरच्या ऋचाला वाटायचं, बाई डाएटवर आहे.

रावसाहेब म्हणजे तिचे वडील. पुण्यात, सोलापूर रस्त्यावरच्या जकात नाक्यावर चौतीस वर्षं कारकून. ट्रकात काय भरलंय हे ताडपत्री न उचलता नुसत्या वासावरून सांगायचे. लसूण काय, कोणीही ओळखेल. रावसाहेब स्टेशनरी ओळखायचे. लाच मात्र त्यांनी कधी घेतली नाही. नातेवाईक याचं श्रेय तत्त्वांना द्यायचे, पण मनोरमाबाईंनी, म्हणजे मृणालिनीच्या आईने, जाण्याच्या वर्षभर आधी खरं काय ते सांगून टाकलं होतं. "अगं कसली तत्त्वं? एकदा एका ट्रकवाल्याने बळेच खिशात पन्नासची नोट कोंबली, तर तीन दिवस जुलाब. नोट परत केली तेव्हा थांबले. त्यानंतर कोणाची हिंमत होईल?"

पुढे जकातच बंद झाली. ज्या खिडकीत रावसाहेब बसायचे तिथे आता कोणीतरी भजी तळतं. मनोरमाबाई गेल्यावर ते दर वर्षी सहा महिने लेकीकडे, न्यूझीलंडला, ऑकलंडच्या मनुरेवात, येऊन राहू लागले. आल्या आल्या पहिली दोन वर्षं त्यांनी लिंबाच्या झाडाला पाणी घातलं आणि सुस्कारे सोडले. तिसऱ्या वर्षी नातू ट्रक ड्रायव्हर झाला आणि आजोबांना पुन्हा पालवी फुटली.

नातू म्हणजे अक्षत. वय चोवीस, जन्म इथलाच. सिव्हिल इंजिनिअरिंगची दोन वर्षं केली आणि एके दिवशी जेवताना म्हणाला, "आई, मला रस्ते बांधायचे नाहीत. I just like driving on them." मृणालिनी स्वतः एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. तिने हसून दाखवलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. तेव्हापासून मराठी मंडळात कोणी विचारलं की ती सांगायची, "अक्षत ना? लॉजिस्टिक्समध्ये आहे." तिचा नवरा रवींद्र महिन्यातले पंधरा दिवस कंपनीच्या कामाने सिडनीत असायचा, त्यामुळे वडील आणि मुलगा, दोघांचीही काळजी करण्याचा मक्ता तिच्याकडेच होता. आणि ती तो चोख चालवत होती.

अक्षतने पहिल्यांदा ट्रक घरापुढे आणून लावला, त्या दिवशी रावसाहेबांनी ट्रकला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "तू रोज हॅमिल्टनला जातोस. मध्ये नाका कुठे लागतो?"

"नाका नाहीये, आजोबा."

"मग कर कोण घेतं?"

"कोणी घेत नाही. आपणच विकत घ्यायचा. ऑनलाइन."

रावसाहेबांना आधी वाटलं, पोरगं थट्टा करतंय. मग अक्षतने सगळं समजावलं. पेट्रोलवर इथे पंपावरच रस्त्याचा कर कापला जातो, डिझेलवर तसा नाही. म्हणून डिझेलच्या गाडीने, आणि जड ट्रकने तर हमखास, किलोमीटर विकत घ्यायचे. हजार-हजारच्या पटीत आणि आधी. ट्रक किती वजनाचा, त्याला एक्सल किती, त्यावर भाव. घेतलेल्या किलोमीटरांची चिठ्ठी समोरच्या काचेला लावायची, या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत. आणि खरोखर किती चाललं ते मोजायला मागच्या डाव्या चाकाच्या मधोमध आमटीच्या वाटीएवढं एक मीटर. सगळे त्याला हुबो म्हणतात. चाकावरचा आकडा काचेवरच्या आकड्यांच्या आत असला की झालं.

रावसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे चोराने आधीच येऊन सांगायचं, मी इतकं इतकं चोरणार आहे?"

"चोर नाही, आजोबा. ट्रकवाला."

"तेच ते," रावसाहेब म्हणाले.

पण त्या रात्री त्यांचं डोकं चालू झालं ते झालंच. चौतीस वर्षं ज्या माणसाने दांडा खाली पाडून ट्रक थांबवले, त्याला दांड्याशिवायचा नाका सापडला होता. त्यांनी शंभर पानी वही विकत आणली, रकाने आखले. तारीख, गाडी, काचेवरचा आकडा, चाकावरचा आकडा, शेरा. महिन्याभरात त्यांना एवढी माहिती झाली की घरी चहाला येणं लोक टाळू लागले. रस्त्याचं नुकसान वजनाच्या प्रमाणात होत नाही, एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान सोळापट होतं, म्हणून तेवढंच वजन जास्त एक्सलांवर वाटलं तर दर कमी, हे त्यांनी मंडळाच्या खजिनदारांना, बाळ पटवर्धनांना, उदाहरण देऊन सांगितलं. बाळ पटवर्धन एकशे दहा किलोंचे.

"आता तुम्हीच बघा," रावसाहेब म्हणाले, "तुम्ही दोन एक्सलवर. उद्या चार पायांवर चालायला लागलात, तर सरकार तुम्हाला सूट देईल."

बाळ पटवर्धनांनी दुसरी शंकरपाळी घेतली नाही.

मग रावसाहेब ट्रेनने पेनरोजला जाऊ लागले. पेनरोजमध्ये गोदामं, कारखाने, आणि फुटपाथला लागून ओळीने ट्रक. ड्रायव्हरांना लांबूनच हात वर करून, "कीओरा!" असा माओरी नमस्कार करायचे आणि चाकाशी वाकायचे. एकदा त्यांना दिसलं, पुढच्या ट्रकच्या मीटरवर पाच लाख आणि त्याच्याच मागे जोडलेल्या ट्रेलरच्या मीटरवर जेमतेम नव्वद हजार. सापडला! रावसाहेब ट्रकपुढे जाऊन उभे राहिले आणि नाक्यावर करायचे तसा तळहात पुढे केला. वरून सियोने नावाचा चार फूट रुंदीचा, टोंगा बेटांवरचा ड्रायव्हर उतरला.

"पेपर," रावसाहेब म्हणाले.

सियोनेला वाटलं, कोणाचे तरी आजोबा चुकलेत. त्याने त्यांना अलगद उचलून केबिनमध्ये ठेवलं, हातात गरम 'पाय', म्हणजे इथली सारण भरलेली भाजकी करंजी, दिला आणि थेट मनुरेवाच्या घरी आणून सोडलं. वाटेत त्याने समजावलं, की ट्रेलर आज याच्या मागे, उद्या त्याच्या मागे. त्याचं मीटर वेगळं, त्याची चिठ्ठी वेगळी, पापा. मृणालिनी ऑफिस सोडून धावत आली, तर वडील दारात उभे, चेहरा उजळलेला.

"मृणाल, वरून काय दिसतं गं! सगळ्या गाड्यांची टपं दिसतात!"

"अण्णा, तुम्ही ट्रक अडवलात?"

"तपासणी केली. निर्दोष निघाला." मग हातातल्या पायकडे बघून, "यात काय असतं?"

"खिमा."

तो पाय शेजारच्या मांजराला मिळाला. अण्णांकडून शपथ घेतली गेली की पेनरोज बंद, वही फक्त अक्षतच्या ट्रकपुरती. शपथ चार दिवस टिकली. मग ते पुन्हा जाऊ लागले, फक्त घरी सांगेनासे झाले. मृणालिनीला कळायचं, कारण गुडघ्यांना ग्रीस असायचं.

आणि मग आला दसरा.

दसऱ्याला वाहनाची पूजा झालीच पाहिजे, यावर घरात दुमत नव्हतं. मृणालिनीची गाडी तर होतीच, पण यंदा दारात सहा चाकांचा ट्रक होता. मालक ट्रेव्हर, तीन ट्रकांचा धनी, साठीचा, बारा महिने शॉर्ट्समध्ये. तो अक्षतला ट्रक घरी न्यायची मुभा देत होता, कारण पहाटे साडेचारला निघायचं तर पेनरोजच्या यार्डात येऊन ट्रक घ्या कशाला. अक्षत संध्याकाळी घरी आला, तर आई साडीत, आजोबा निरोप समारंभाच्या कोटात, आणि ट्रकच्या आरशांना प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा.

"आई, please. शेजारी बघतायत."

"बघू देत. त्यांनाही पेढा दे."

चाकांना हळदीकुंकू लागलं. नारळ फोडायची वेळ आली. रावसाहेबांचा हात हल्ली थरथरतो, म्हणून त्यांनी नारळ लेकीला दिला. आता फोडायचा कुठे? ड्राइव्हवेवर घरमालकाने नुकतंच नवं काँक्रीट घातलेलं, त्यावर टवका उडाला तर बॉन्डचे, म्हणजे अनामत ठेवलेले पैसे गेले. मृणालिनी नारळ घेऊन इकडे तिकडे बघत राहिली.

"अगं इथे फोड," रावसाहेबांनी मागच्या डाव्या चाकाच्या मधोमध बोट ठेवलं. "ट्रकची बेंबी आहे ही. सगळा हिशेब इथेच तर असतो. हिचीच पूजा खरी."

मृणालिनीने पदर खोचला आणि हाणला. एका दणक्यात नारळाची दोन शकलं, पाणी भळाभळा चाकावर. शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या. रावसाहेब म्हणाले, "वा! हाताला वजन आहे तुझ्या." सगळ्यांनी खोबरं खाल्लं. अक्षतनेसुद्धा.

चार आठवड्यांनी, बुधवारी, अक्षत दुपारी दोन वाजताच ट्रेनने घरी आला. ट्रक नव्हता. मृणालिनी घरून काम करत होती. तो चपला न काढता सोफ्यावर बसला, आणि तिला कळलं की काहीतरी मोठं झालंय, कारण चपला हा त्या घरातला एकमेव नियम होता जो तो पाळायचा.

वजनकाट्यावर पोलिसांनी ट्रक थांबवला होता. काचेवरची चिठ्ठी बरोबर, चाकावरचा आकडा चिठ्ठीच्या आत. पण अक्षतच्या लॉगबुकात महिन्याभरात पाच हजारांवर किलोमीटर लिहिलेले, आणि चाकावरच्या मीटरला त्याचा गंधही नाही. मीटर बंद. शिवाय मीटरच्या काचेला चीर, आणि चिरेत लाल काहीतरी भरलेलं.

"पोलीस म्हणाला, कोणीतरी उघडून परत सील केलंय. With some red stuff. ट्रेव्हरला नोटीस. तो म्हणतो, मी पन्नास डॉलरांसाठी असले धंदे करत नाही. मग कोणी केलं? ट्रक कोणाच्या घरी असतो? माझ्या. त्याला वाटतंय मी मीटर बंद करून वीकेंडला लोकांचं सामान हलवतो. Cash jobs." त्याचा आवाज चिरकला. "शुक्रवारी लंचपर्यंत वेळ दिलाय. खरं सांग, नाहीतर सोड. आणि सोडलं तर मला कोण ठेवणार, आई? सगळे एकमेकांना ओळखतात. मीटरला हात लावणारा म्हटलं की संपलं."

मृणालिनीने आजवर मनातल्या मनात शंभर वेळा ही नोकरी सुटावी म्हणून प्रार्थना केली होती. आता ती सुटायला आली, तर ती लॅपटॉप मिटून त्याच्याशेजारी जाऊन बसली. पोरगं सोफ्यावर पाय गुडघ्यात घेऊन बसलं होतं, सहा वर्षांचं असताना बसायचं तसं.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला रावसाहेब कोट घालून आले. हातात वही.

"अक्षता, घाबरू नकोस," ते म्हणाले. नातवाला ते अशीच हाक मारायचे. "चोर माझ्याकडे पकडलेला आहे. उद्या सकाळी मी तुझ्या त्या चड्डीवाल्या मालकाकडे जाणार आणि ही वही त्याच्या तोंडावर मारणार."

"अण्णा, बसा आधी."

"रोज संध्याकाळी, हा आंघोळीला गेला की, मी आकडा टिपतो. चार लाख तेरा हजार दोनशे सहा. दुसऱ्या दिवशी, चार लाख तेरा हजार दोनशे सहा. तिसऱ्या दिवशी तेच. चार आठवडे तेच! मालकानेच बंद केलंय, कर वाचवायला. उघड आहे."

अक्षतने हातातला घास ताटात ठेवला.

"आजोबा," अक्षत हळूच म्हणाला, "तुम्हाला चार आठवडे माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"अण्णा!" मृणालिनीच्या हातातला डाव आमटीत पडला. "मग बोलला का नाहीत?"

"दोन दिवसांच्या नोंदीवर बोललो असतो तर केस कच्ची राहिली असती. पुरावा जमवत होतो. आणि याला कसं सांगणार? हा आरोपीच्या जवळचा माणूस."

मृणालिनीने वही ओढून घेतली. ती ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. बिघाड दिसला की पहिला प्रश्न, पहिल्यांदा कधी दिसला, आणि त्याच्या आदल्या दिवशी कोणी काय बदललं. रकान्यावरून बोट खाली नेत ती शेवटच्या हललेल्या आकड्यापाशी आली. त्या ओळीतली तारीख बघितली. मग लाल काहीतरी आठवलं. मग नारळाचं पाणी आठवलं, कुंकवावरून वाहत गेलेलं.

"दोन ऑक्टोबर," ती म्हणाली.

"गांधी जयंती," रावसाहेब म्हणाले.

"आणखी काय होतं त्या दिवशी, अण्णा?"

रावसाहेबांनी वहीवर वाकून तारीख पुन्हा वाचली. आधी अक्षतला कळलं. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "No. No way. The coconut?"

"तूच फोडलास," रावसाहेब लेकीला म्हणाले.

"बोट कोणी ठेवलं? ट्रकची बेंबी कोण म्हणालं?"

"मी बेंबी म्हणालो. एवढ्या जोरात हाण म्हणालो नव्हतो."

"वा, हाताला वजन आहे, असं कोण म्हणालं?"

"ते कौतुक होतं!"

अक्षत हसायला लागला. आधी थोडं, मग पोट धरून, मग ते हसणं कुठल्या बाजूला झुकतंय हे मृणालिनीला कळेना. डोळे पुसून तो म्हणाला, "हे ट्रेव्हरला सांगायचं नाही. आई, promise कर. काय सांगू मी? माझ्या आईने ट्रकला नारळ मारला? अख्खं यार्ड मरेपर्यंत मला कोकोनट म्हणेल. चोर म्हटलेलं परवडलं."

"चोर म्हटलेलं परवडलं?" रावसाहेब एकदम ताठ झाले. "चौतीस वर्षं नाक्यावर काढली मी. लोक मला वेडा म्हणाले, अडेल म्हणाले, हगरा म्हणाले. हो, म्हणाले, तुझ्या आजीनेच पसरवलं ते. पण चोर कोणी म्हटलं नाही. ते मी म्हणू दिलं नाही."

मग त्यांनी लेकीच्या हातातून वही घेतली, कोटाच्या खिशातून पेन काढलं, दोन ऑक्टोबरच्या ओळीतला शेवटचा रकाना शोधला आणि त्यात सावकाश, कारकुनी अक्षरात लिहिलं, नारळ. खाली सही केली. वही मृणालिनीपुढे सरकवली. "तूही कर. फोडणारी तू."

तिने सही केली. हसावं की रडावं हे तिने पुढे ढकललं.

शुक्रवारी सकाळी अक्षत खोलीतून बाहेर आला नाही. मृणालिनीने ऑफिसला सुट्टी टाकली आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी फोन, लॉगबुकाचे फोटो आणि वही घेऊन बसली. रावसाहेबांनी रात्रीच बेरीज करून ठेवली होती. लॉगबुकाप्रमाणे दसऱ्यानंतर ट्रक किती चालला, त्यातून चिठ्ठीवरचे शिल्लक किलोमीटर वजा जाता किती आणखी विकत घ्यायला हवे होते, सगळं एका पानावर, दोनदा तपासलेलं. त्या पानामुळे ट्रेव्हरला सरकारपुढे सरळ उभं राहता आलं असतं. प्रश्न एवढाच होता, की त्या पानाबरोबर नारळही जाणार होता.

तिने इंग्रजीत वाक्य जुळवून बघितलं. दसरा समजावायला तीन मिनिटं, आमच्यात यंत्राची पूजा का करतात त्याला दोन, बेंबीचं काय करायचं हे सुचेना. तेवढ्यात तिला आठवलं की ट्रेव्हर तिला ओळखतच नाही. दीड वर्षात ती यार्डात एकदाही गेली नव्हती. ख्रिसमसच्या बार्बेक्यूला बोलावलं होतं, तेव्हा तिने डोकेदुखीचं कारण सांगितलं. मुलगा लॉजिस्टिक्समध्ये आहे म्हणणाऱ्या बाईला ट्रकच्या यार्डात काय काम?

रावसाहेब समोर येऊन बसले. कोट होताच.

"मी बोलतो," ते म्हणाले. "पेपर आणि कीओरा येतं मला."

"नको, अण्णा. त्याला वाटेल तुम्ही हरवलात."

"मग अक्षताला विचार."

"तो नको म्हणेल. विचारतच नाही."

घड्याळात अकराला दहा कमी होते. लंचला वेळ होता, पण फार नव्हता. आतून अक्षतच्या खोलीचं दार किरकिरलं, आणि पावलं कॉरिडॉरमध्ये येऊन थांबली. तो ऐकत होता. मृणालिनीने ऐकू जाईल एवढा मोठा श्वास घेतला. नारळाचं नंतर बघू, आधी ते वाक्य म्हणायचं जे दीड वर्ष एकदाही म्हटलं नव्हतं. तुमचा ट्रक चालवतो ना अक्षत, मी त्याची आई बोलतेय.

"स्पीकरवर ठेव," रावसाहेब म्हणाले आणि वही उघडून तयार झाले.

तिने नंबर दाबला.